बेचाळीस अंशांचं पाणी

"गरम म्हणजे किती गरम?"

हा प्रश्न मला चाचांनी पहिल्याच दिवशी विचारला, आणि तेव्हा मला नोकरीवर येऊन तासही झाला नव्हता. पावसच्या अलीकडे, कातळाच्या सड्यावर आमचं शिबिर केंद्र आहे. पुण्याचा एक ट्रस्ट ते चालवतो. योगाचं, शिक्षकांचं, मधुमेहवाल्यांचं, मौनाचं असं कसलं ना कसलं शिबिर बारा महिने चालू असतं. मी तिथे नोंदणीच्या टेबलावर बसायला आले होते आणि राहायला खोलीही तिथलीच मिळणार होती. चाचा खोलीचं कुलूप काढत होते. "गरम पाणी असतं ना?" एवढंच मी विचारलं, तर ते किल्ली तशीच कुलपात ठेवून माझ्याकडे वळले.

"गरम म्हणजे गरम," मी म्हटलं.

"गरम हा आकडा नाय, बाय. चाळीस, बेचाळीस, साठ, हे आकडे. तुला कितीचं लागतं?"

आंघोळीचं पाणी मी जन्मात कधी मोजलं नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून साठ म्हटलं. चाचांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मला अजून आठवतं. "साठ अंश करायचां, आनि मंग त्यात अर्धी बादली गार ओतायची," ते म्हणाले. "म्हंजे आदी चढायचां, मंग उतरायचां. त्यापेक्षा मदेच थांब की." मग त्यांनी कुलूप काढलं, मला दिव्याची बटणं दाखवली आणि जाता जाता दारातून म्हणाले, "बेचाळीस. तुला बेचाळीस लागतं. तुला ठाव नाय एवडांच."

चाचा म्हणजे केंद्राचे देखभालवाले. कागदोपत्री त्यांच्या कामाला आणखी काहीतरी लांबलचक नाव होतं, पण ते त्यांनी स्वतः कधी वापरलं नाही. खाडीकाठच्या गावचे, तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढलेले. घरी परतल्यावर चार महिने ओटीवर बसून पाहिलं, जमलं नाही, म्हणून आमच्याकडे आले. अंगाने शिडशिडीत, पांढरी आखूड दाढी, चेक्सची लुंगी, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर. ते चाचा कुठल्याही बादलीत, टाकीत, एकदा तर माझ्या चहाच्या कपातही बुडवून पाहत. कपाच्या प्रकारानंतर मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

केंद्र त्यांच्या लेखी जहाज होतं. शिबिरार्थी म्हणजे पॅसेंजर. अध्यक्ष पुण्याहून आले की "कॅप्टन आला" म्हणायचे. गच्चीवर सोलरची तावदानं आणि पाण्याची मोठी टाकी होती, ती अर्थात इंजिनरूम. तिथे जायला चपला काढाव्या लागत. का, असं एका ट्रस्टींनी विचारलं होतं. चाचा म्हणाले, "तुमी हॉलमदी काढताव, मी वर काढतंय." त्यावर ट्रस्टी काय बोलणार.

ते आले तेव्हा केंद्राची दशा वाईट होती म्हणतात. चाळीस-पन्नास माणसं पहाटे एकाच वेळी आंघोळीला उठायची. पहिल्या दहा जणांना कढत पाणी, मधल्यांना कोमट, आणि शेवटी उठणाऱ्याला थेट विहिरीचं. म्हणून लोक आणखी लवकर उठायचे. शिबिराच्या चौथ्या दिवशी तर साडेतीनपासून न्हाण्यांची दारं वाजायची आणि ध्यानाच्या हॉलमध्ये सगळे बसल्या बसल्या झोपायचे. एवढं करून विजेचं बिल दर महिन्याला वाढायचं ते वाढायचंच.

चाचांनी पहिलं काम केलं ते म्हणजे शॉवर काढून टाकले. त्यावर मोठा गहजब झाला. मग प्रत्येक न्हाणीत एक बादली आली आणि बादलीला आतून लाल रंगाची एक रेघ. रेघेपर्यंत भरलं की एका माणसाची व्यवस्थित आंघोळ होते, हे त्यांनी आमचा वॉचमन, स्वयंपाकघरातल्या मावशी आणि शिबिराला आलेले एक सहा फुटी पोलीस अधिकारी अशा तिघांवर पडताळून पाहिलं होतं. टाकीपासून न्हाणीपर्यंतच्या लांबलचक पाइपांना त्यांनी काथ्या गुंडाळला, वर जुन्या गोधड्यांचे तुकडे बांधले आणि त्यावर प्लास्टिक. आमची मागची भिंत वर्षभर आजारी असल्यासारखी दिसायची. पण नळ सोडल्याबरोबर गरम पाणी येऊ लागलं, आणि बादलीभर गार पाणी नुसतंच वाहून जायचं ते थांबलं. पावसाळ्यात सोलरचा उपयोग नाही, तेव्हा मागच्या पडवीत मोठा बंब पेटायचा, त्यात नारळाची सोडणं आणि करवंट्या. आसपासच्या बागायतदारांकडून त्या ते स्वतः हातगाडीने आणत. आंघोळीच्या तीन पाळ्या लावल्या, म्हाताऱ्यांची सर्वांत आधी. आणि टाकीतलं पाणी बेचाळीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. कमी पडलं तर टाकीतला विजेचा हीटर पहाटे थोडा वेळ आपोआप चालू व्हायचा, तोही तेवढ्यापुरताच.

एवढं सगळं करणारा माणूस स्वतः मात्र गार पाण्याने आंघोळ करायचा. घरून निघताना विहिरीवर, पोहऱ्याने, बाराही महिने. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तीस वरसां इंजिनरूममदी भाजून निगालो, बाय. मला आता गरमाची गरज नाय." आपण खपून केलेलं बेचाळीस अंशांचं पाणी अंगावर कसं लागतं, हे त्यांना एकट्यालाच माहीत नव्हतं. स्वयंपाक करून स्वतः उपास करणाऱ्या बायका असतात, त्यातलाच हा प्रकार. मी तसं बोलूनही दाखवलं होतं. ते हसले आणि खिशातलं थर्मामीटर थोपटलं. "हा सांगतां मला," म्हणाले.

पाहुण्यांच्या इमारतीतले एसी हे त्यांचं जुनं दुखणं. ती इमारत ट्रस्टी आणि मोठ्या व्याख्यात्यांसाठी होती, तिथे खोलीखोलीत गीझर आणि एसी, आणि तिकडे चाचांचं काही चालत नसे. मे महिन्यात एक व्याख्याते एसी लावून वर रग पांघरून झोपलेले त्यांना खिडकीतून दिसले. त्या दिवशी त्यांनी मला ही गोष्ट तीनदा सांगितली, प्रत्येक वेळी नव्याने कळल्यासारखी.

आणि पाट्या. चाचांनी केंद्रभर पुठ्ठ्याच्या पाट्या लावल्या होत्या, अक्षर टपोरं आणि थोडं उजवीकडे कललेलं. "बाहेर जाताय? पंखा पण दमतो." "हा नळ मागच्यासाठी पण आहे." "रिकाम्या खोलीला उजेड लागत नाही." पण खरा कायदा होता तो लाल दिव्याचा. रिकाम्या जागेत कुठल्याही बटणाशेजारी लाल दिवा दिसला, की विचारत बसायचं नाही, बंद करायचं. आम्हा सगळ्यांना ही सवय इतकी लागली होती, की मावशी एकदा रत्नागिरीला बँकेत गेल्या आणि तिथल्या रिकाम्या केबिनचा एसी बंद करून आल्या.

माझ्या हातून जे झालं ते या सवयीमुळेच झालं. हे मी बचावासाठी सांगत नाही. थोडं बचावासाठीच सांगते.

मौनाचं दहा दिवसांचं शिबिर होतं, जानेवारीतलं. बेचाळीस माणसं आली होती. आकडा पाहून चाचा खूश झाले, म्हणाले, माणशी एक अंश. शिबिर सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना गुहागरकडे जावं लागलं, हेदवीला. बहिणीच्या नातीचं लग्न. तीन दिवसांची रजा. आठ वर्षांत पहिलीच. जाताना त्यांनी टाकी तपासली, हीटरचं घड्याळ लावलं, सगळं नीट करून गेले. फक्त एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. हीटरचं मुख्य बटण कचेरीबाहेरच्या बोळात, भिंतीवरच्या एका लाकडी पेटीत होतं. ते कायम चालू असायला लागायचं, नाहीतर घड्याळाला अर्थ नव्हता. एरवी पेटीचं झाकण लावलेलं असे, त्यामुळे ते आम्हाला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी गडबडीत झाकण उघडं राहिलं.

संध्याकाळी मी कचेरी बंद करून निघाले. बोळात कुणी नाही आणि पेटीत लाल दिवा. मी बंद केला. मला वाटतं मी मनातल्या मनात थोडा अभिमानही बाळगला असेल.

त्याच दिवसांत आभाळ भरून आलं. मोहोर जाईल म्हणून बागायतदार हवालदिल झाले, आणि आमच्या गच्चीवरची तावदानं नुसती आभाळाकडे बघत बसली. ऊन नाही, हीटर बंद. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला गार पाणी आलं. आमच्याकडची थंडी पुण्याच्या मानाने काहीच नाही, पण कातळावर पहाटेचा वारा सुटला की हाडापर्यंत जातो. माझ्याही खोलीत तेच पाणी. मला वाटलं, ढग आहेत, काय करणार. मी स्वयंपाकघरात जाऊन मावशींकडून पातेलंभर पाणी तापवून घेतलं आणि आंघोळ केली. बेचाळीस माणसं त्या वेळी काय करत असतील हा विचार मला शिवला नाही. शिवला असेल तर मी तो पुढे ढकलला. तीन दिवस मी पातेल्यावर काढले.

आणि कुणी एक शब्द बोललं नाही. कसं बोलणार, मौन होतं. लिहून कळवायचीही परवानगी नव्हती, फारच अडलं तर सेवकाला खुणेने सांगायचं. पण थंड पाण्याची खूण कशी करायची? एक गृहस्थ दोन दिवस मला पाहून स्वतःचे दंड चोळत होते. मला वाटलं व्यायाम.

रजेचे तीन दिवस संपवून चौथ्या दिवशी सकाळी चाचा परत आले, बहिणीने दिलेल्या शेवखंडांची, गुळातल्या शेवेच्या खाऊची, पिशवी हातात. पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी सवयीने अंगणातला नळ सोडला आणि मनगटाची मागची बाजू पाण्याखाली धरली. तशीच धरून उभे राहिले. मग गच्चीवर गेले, खाली आले, बोळात गेले. नाश्त्याला आम्ही सेवक मंडळी स्वयंपाकघरात बसलो होतो तिथे आले आणि हळू आवाजात विचारलं, "पेटीतला दिवा कुनी बंद केला?"

मावशी म्हणाल्या, मी नाही. वॉचमन म्हणाला, मी तिकडे जातच नाही. मी चहाकडे बघत बसले. ओरडा बसेल म्हणून मी घाबरले नव्हते, चाचा ओरडत नसत. ते समजावत, आणि त्यांचं समजावणं महिनाभर चाले. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. आज लिहितानाही लाज वाटते.

दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि शिबिरार्थींनी अभिप्रायाचे फॉर्म भरून दिले. मी ते गठ्ठ्याने अध्यक्षांना पाठवले. आठवड्याने त्यांचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "अहो, तुम्ही वाचलेत का? वीस-बावीस लोकांनी थंड पाण्याच्या स्नानाबद्दल लिहिलंय. एक जण म्हणतो, चौथ्या दिवसापासून देहभाव गळून पडला. एक बाई म्हणतात, दहा दिवसांतला सर्वांत मोठा अनुभव. कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

लोकांना वाटलं होतं ते शिबिराचाच भाग आहे. पहिले तीन दिवस शरीराचे लाड, मग तीन दिवस तप, मग पुन्हा लाड. कुणीतरी विचारपूर्वक आखलेला क्रम असणार, असं धरून ती शहाणीसुरती माणसं कुडकुडत होती.

अध्यक्ष मनाने चांगले होते, पण एखादी कल्पना डोक्यात शिरली की तिला चहापाणी विचारणारे. त्यांनी ठरवलं की पुढच्या महिन्यापासून सर्व शिबिरांत शीतस्नान. माहितीपत्रकात तसा मजकूर. हीटर काढायचा, बंब काढायचा, सोलरची तावदानं एका शाळेला द्यायची. इतकी वर्षं आपण वीज वाचवायचा प्रयत्न करतोय, तर हा मार्ग समोरच होता. "आणि चाचांनाही आता विश्रांती देऊ," ते म्हणाले. "फार केलं त्यांनी. एक छोटा सत्कार ठेवू." बैठक महिनाअखेरीला केंद्रावरच ठरली.

मी हे चाचांना सांगितलं तेव्हा ते पडवीत बसून एका नळाचा वायसर बदलत होते. सत्काराचं ऐकून त्यांनी मान हलवली. तावदानांचं ऐकून हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं होतं नोकरी जाते म्हणून बोलतील. ते म्हणाले, "ह्याला बचत म्हनतात काय? मी कमी करत आलो, तां कुनाला कमी पडू नये म्हनून. काडूनच टाकायचां असतां तर पयल्याच दिवशी एक बटन दाबलां असतां. त्याला फिटर कशाला हवा?"

मग म्हणाले, "त्या फॉर्मांची नक्कल हाय तुज्याकडे? वाच."

दुपारभर मी त्यांना बेचाळीस फॉर्म वाचून दाखवले. देहभाव, अंतर्मुखता, ऊर्जा. चाचा ऐकत होते आणि प्रत्येक फॉर्मनंतर "फुडे" म्हणत होते. चौतिसावा का पस्तिसावा फॉर्म चिपळूणच्या एका बाईंचा होता. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या, संधिवाताने बोटं वाकलेली. नोंदणीच्या वेळी सही करायला त्यांना बराच वेळ लागला होता म्हणून मला लक्षात होत्या. त्यांनी अनुभवाच्या जागी काही लिहिलं नव्हतं. खाली "सूचना" म्हणून दोन ओळींची जागा असते तिथे वेड्यावाकड्या अक्षरात होतं: "तीन दिवस मला आंघोळ जमली नाही. तशीच हॉलमध्ये बसले. क्षमा असावी."

चाचांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. "परत वाच," म्हणाले, पण कागद दिला नाही. म्हणून मी आठवून म्हणून दाखवलं.

"माजी आय अशीच होती," ते म्हणाले. "पाटे फजरच्या नमाजाला उटायची. वजूला, म्हंजे हातपाय-तोंड धुवायला, गार पानी, थंडीपावसात. चूल पेटवायची म्हंजे सून उटनार, पोरां उटनार, म्हनून नाय पेटवायची. मी रजेवर आलो तवा बगितलां, बोटां अशी वाकडी झालेली. विचारलां, आय, सांगायचां नाय? तर म्हनते, तू दर्यावर, तुला कशाला तरास. आनि मी तितं वाफेत उबा, बाय. पन्नास डिग्रीत. तिच्या पान्यापुरता निखारा पन मला धाडता आला नाय."

मी त्यांना इतकी वर्षं विक्षिप्त समजत होते. आम्ही सगळेच समजत होतो. त्या दुपारी मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं आणि स्वतःबद्दल त्याहून वाईट. दिवा मी बंद केला होता हे सांगायला तोंड उघडलं, तोवर ते उठून गच्चीकडे गेले होते.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्ष आणि तीन ट्रस्टी आले, पाहुण्यांच्या इमारतीत उतरले. सकाळी नवाला बैठक होती. चौघेही वेळेवर आले, जरा जास्तच वेळेवर. अंगावर शाली होत्या. एकांनी कानटोपी काढली नव्हती. चेहऱ्यावर ती आंघोळीनंतरची तकाकी कुणाच्याच नव्हती, अत्तराचा वास मात्र एरवीपेक्षा दाट होता.

विषय निघाला तसे चाचा दाराजवळून पुढे आले. धुतलेली लुंगी, इस्त्रीचा शर्ट, खिशात थर्मामीटर. हातात तो फॉर्म.

"काल रातच्याला पावन्यांच्या बिल्डिंगचे गीझर मी बंद केले," ते म्हणाले. "शीतस्नान सगल्या शिबिरांना हाय, तर कॅप्टनपासून सुरवात करावी म्हटलां. आता इचारतंय, माफी असू दे. आज आंगोळ कुनी केली?"

मौनाचं शिबिर संपून तीन आठवडे झाले होते, ते पुन्हा भरल्यासारखं वाटलं. अध्यक्ष समोरच्या कागदांची टोकं जुळवत राहिले. कानटोपीवाल्या ट्रस्टींनी खिडकीबाहेर पाहिलं.

चाचांनी फॉर्म अध्यक्षांपुढे ठेवला. "ह्या बाईंनी निदान लिवलां तरी," ते म्हणाले, आणि मागे सरकून पुन्हा दाराजवळ उभे राहिले.

अध्यक्षांनी तो वाचला. दुसऱ्यांदा वाचला. नाकावरचा चष्मा काढून पुसला आणि बाकीच्यांकडे दिला. मग म्हणाले, "चाचा, गीझर चालू करता का जरा? बैठक दहाला घेऊ." दहाला बैठक सुरू झाली तेव्हा चौघे न्हाऊन आले होते आणि माहितीपत्रकातला तो मजकूर काढायचा ठराव पाच मिनिटांत झाला. तावदानं राहिली, बंब राहिला, चाचा राहिले. सत्कार तेवढा रद्द झाला. ज्याला थंड पाणी लागतं त्याने ते जरूर घ्यावं, असंही ठरलं. चाचा म्हणाले, त्याला माझी हरकत नाही, ते फुकट आहे.

मी त्यांच्या मागोमाग गच्चीवर गेले. चपला काढल्या. "चाचा, दिवा मी बंद केला होता," मी म्हटलं.

"ठाव हाय," ते म्हणाले. "बटनावर जांबळं बोट उटलेलां. शिक्क्याची शाई तुज्याच हाताला असते."

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

ते टाकीचं झाकण बसवत होते. "बंद करायला मीच शिकवलां. तां तू बराबर केलांस. गप बसायला कुनी शिकवलां?" मग त्यांनीच सांगितलं, "मी पन कुनाला सांगितलां नव्हतां. सांगितलां की लोक हात लावतात, म्हनून. तू सांगितलां नाय, मी नाय, बाईंनी नाय. मौन काय फक्त पॅसेंजरांनीच धरलेलां काय?"

दुसऱ्या दिवशी त्या लाकडी पेटीवर नवी पाटी लागली: "हा दिवा लाल असू दे." चालू ठेवा म्हणणारी सबंध केंद्रातली ती एकच पाटी. आणि न्हाण्यांबाहेर शाळेतली दगडी पाटी टांगली गेली, शेजारी दोरीला खडू. तीन रकाने, थंड, बरं, कढत. आंघोळ झाली की ज्याने त्याने एक रेघ ओढायची. मौन असो नसो, रेघेला आवाज नसतो. पाटीवर एक जरी रेघ "बरं" सोडून दुसऱ्या रकान्यात आली, तरी त्याच दिवशी ऐकायची, हा चाचांचा नवा कायदा.

गंमत अशी, की पुढची दोन-तीन वर्षं सगळ्या रेघा "बरं"च्या खाली यायच्या. हीटर एकदा बिघडला होता तेव्हाही. लोक पाटीसमोर उभे राहायचे, ओठ निळे, आणि इमानदारीत "बरं"वर रेघ ओढायचे. चाचा बघून कपाळाला हात लावायचे. चिपळूणच्या बाई पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. चाचांनी त्यांना पहिल्या पाळीत पहिला नंबर दिला आणि न्हाणीबाहेर स्वतः बादली नेऊन ठेवली. त्यांनीही "बरं"वरच रेघ ओढली. त्यांची खरी असावी.

गेल्या वर्षी चाचा केंद्र सोडून मस्कतला लेकाकडे गेले. गुडघे बोलायला लागले होते. शेवटच्या दिवशी मी आणि मावशींनी हट्ट धरला, की आज तुम्ही इथलं पाणी घ्यायचं. ते नाही नाही म्हणत होते. शेवटी टॉवेल खांद्यावर टाकून गेले, आणि नेहमीच्या गार पाण्याच्या घाईने पाच मिनिटांत बाहेर आले. चेहरा लाल झाला होता. आमच्याकडे न बघता त्यांनी खडू घेतला आणि "कढत"च्या खाली एक सरळ रेघ ओढली.

त्याच दिवशी ऐकायची, हा कायदा. टाकी आता माझ्याकडे आली होती; मी थर्मामीटर बुडवून पाहिलं, बेचाळीसच होतं. तरी मी चाळीसवर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही पाळ्या झाल्यावर पाटी बघायला गेले. "थंड"च्या खाली सोळा रेघा होत्या. एकाने तर शेजारी लिहिलंही होतं, "फारच." मी तिथेच उभी राहून त्या दोनदा मोजल्या. मला इतका आनंद झाला, की मावशींना हाक मारून आणलं. फोटो काढून मस्कतच्या वाटेवर असलेल्या चाचांना पाठवला.

तासाभराने चाचांचा आवाज आला, फोनमध्ये पाठवलेला. मागे कुणाच्यातरी घरातली भांडी वाजत होती. आधी त्यांनी घसा साफ केला.

"बेचाळीस कर, बाय," ते म्हणाले. "आनि माजी रेघ पुसून टाक."